मांजरपाटाचे पंख

गणित शिकवण्यात माझी सारी हयात गेली. हिंगोलीच्या आसपासच्या शाळांतून क्षेत्रफळाची उदाहरणे किती पोरांना घोटून दिली असतील, त्याची गणती नाही. त्यामुळे गेल्या श्रावणात पुण्याहून नातवाचा फोन आला तेव्हा मी जरा ऐटीतच उत्तर दिले. तो इंजिनिअरिंगला आहे. तो आणि त्याचे चार मित्र मिळून कॉलेजच्या प्रदर्शनासाठी बिनइंजिनाचे छोटे विमान बनवत होते. बांबू आणि हलक्या लाकडाचा सांगाडा तयार होता. पंख बारा फूट लांब आणि दोन फूट रुंद. त्यावर दोन्ही बाजूंनी कापड चढवायचे आणि वरून रंगाचा हात द्यायचा. तर आजोबा, कापड किती लागेल?

बारा गुणिले दोन, चोवीस चौरस फूट. वरची बाजू आणि खालची बाजू, अठ्ठेचाळीस. छत्तीस इंची पन्ह्याच्या एका वारात नऊ चौरस फूट कापड येते. म्हणजे सव्वापाच वारांच्या किंचित वर. घासाघीस नको म्हणून मी सहा वार सांगितले. पोराने सहा वार घेतले, आणि ते कमी पडले!

माझी चूक कुठे झाली, हे मला माझ्या अक्काने सांगितले. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. कळमनुरीला लेकाकडे असते, ऐंशीच्या घरात आहे, चौथीपुढे शाळा नाही. फोनवर तिने मला तीनच प्रश्न विचारले. पन्हा किती? जोड किती? आणि उभा धागा कुठल्या दिशेने ठेवणार? पहिल्याच प्रश्नाला ती हसली. अरे, पंख दोन फुटांचा आणि पन्हा तीन फुटांचा. लांबीत कापलेस तर प्रत्येक बाजूला फूटभर पट्टी वाया जाणार, म्हणजे आठ वार लागतील. त्यापेक्षा कापड आडवे घे. पंखाच्या मागच्या कडेपासून सुरू कर, नाकावरून वळवून पुन्हा मागे आण. एका तुकड्याला चार फूट, वर शिवणीला तीन इंच. असे चार तुकडे शेजारी शेजारी लावले की बारा फूट होतात खरे, पण ते कागदावर. तुकडा तुकड्याला जोडायचा तर दोन्ही कडांची दाबपट्टी जाते, टोकाला दुमड लागते. तेव्हा पाचवा तुकडा आलाच. पाच तुकडे म्हणजे सात वार आणि वर तीन इंच. अक्काच्या भाषेत सात वार, चार बोटे. पाचव्या तुकड्यातले उरेल त्यात शेपूट होऊन जाईल, हेही तिने सांगून टाकले.

मी गणिताचा मास्तर निरुत्तर झालो. क्षेत्रफळ माझे बरोबर होते, पण कापड क्षेत्रफळात मिळत नाही, पन्ह्यात मिळते. आणि शिवण कापड खाते, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मी शिकवलेले नव्हते.

आमचे वडील शिंपी होते. हिंगोलीच्या बाजारात त्यांचे दुकान होते. एक पायमशीन, एक कात्री, एक लाकडी गज आणि भिंतीवर नामदेव महाराजांची तसबीर. हिंगोलीजवळचे नर्सी हे संत नामदेवांचे गाव, आणि नामदेव जातीने शिंपी, त्यामुळे ती तसबीर आमच्या दुकानात जरा जास्तच आपलेपणाने टांगलेली असायची. अक्का घरी बसून काजे करी, बटणे लावी, हातशिलाई करी. त्या पैशांतून माझी फी भरली गेली. ही हकीकत मी आजवर कुठे फारशी सांगितलेली नाही. का, ते पुढे सांगतो.

तर त्या सात वार चार बोटांनंतर माझ्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. विमानाच्या कापडाचा असा हिशोब जगात पहिल्यांदा कोणी घातला असेल? मी वाचत गेलो, आणि जो माणूस भेटला त्याचे नाव आपण सर्वांनी शाळेत घोकलेले आहे. ऑर्व्हिल राइट. पण शाळेत आपल्याला एक तारीख आणि एक छायाचित्र मिळते. जमिनीवर उकिडवा बसून कापडावर खुणा करणारा ऑर्व्हिल मला पंच्याहत्तरीला आल्यावर भेटला.

ऑर्व्हिलचा जन्म १९ ऑगस्ट १८७१ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावचा. वडील मिल्टन राइट हे एका ख्रिस्ती पंथाचे बिशप. सतत फिरतीवर. आई सुझन ही गाड्या बनवणाऱ्या कारागिराची मुलगी. घरातली मोडतोड दुरुस्त करायची, मुलांना घसरगाडी बनवून द्यायची, ती ही आई. हाताने वस्तू घडवण्याचे वळण या पोरांना आईकडून आले. ऑर्व्हिलहून चार वर्षांनी मोठा विल्बर आणि बरोबर तीन वर्षांनी धाकटी कॅथरिन. गंमत म्हणजे ऑर्व्हिल आणि कॅथरिन या भावंडांचा वाढदिवस एकच, १९ ऑगस्ट.

१८७८ साली वडिलांनी प्रवासातून एक खेळणे आणले. बूच, बांबू आणि कागदाचे, रबराच्या पिळाने उडणारे. पोरांनी ते मोडेपर्यंत उडवले आणि मग स्वतः तसे बनवू लागली. ऑर्व्हिल पतंग इतके चांगले करी की मित्रांना विकत असे. पुढे १८८९ मध्ये, आई क्षयाने गेली त्याच वर्षी, त्याने छापखाना काढला आणि एक छोटे साप्ताहिक चालवले. १८९२ मध्ये दोघा भावांनी सायकलींचे दुकान टाकले आणि १८९६ पासून स्वतःच्या बनावटीच्या सायकली विकायला सुरुवात केली. दोघांपैकी एकाकडेही कॉलेजची पदवी नव्हती. पदवी होती ती कॅथरिनकडे. ती १८९८ मध्ये ओबर्लिन कॉलेजातून पदवीधर झाली आणि डेटनच्या शाळेत लॅटिन शिकवू लागली. आई गेल्यावर घर तिनेच सांभाळले. भाऊ उडण्याच्या मागे लागले तेव्हा दुकानावरही तिचे लक्ष असे.

१८९६ मध्ये ऑर्व्हिल विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता. त्याच सुमारास जर्मनीत ऑटो लिलिएंथाल हा धाडसी माणूस आपल्या ग्लायडरमधून पडून मरण पावला. त्या मृत्यूने दोघा भावांचा उडण्याचा विचार पक्का केला. १८९९ मध्ये त्यांनी पाच फुटी पतंग बांधून पाहिला आणि १९०० साली माणूस नेणारे ग्लायडर बेतायला घेतले.

इथेच माझ्या सहा वारांसारखी गोष्ट घडली. कापड होते साटिनसारख्या विणीचे सुती. ते डेटनमध्येच बेतून, शिवून बरोबर नेले. पंखाच्या मुख्य दांड्या अठरा फुटी धरल्या होत्या. समुद्रकाठच्या किटी हॉक या वाऱ्याच्या गावाकडे जाताना विल्बरने वाटेत लाकूड शोधले, तर अठरा फुटी मिळेना. सोळा फुटी घ्यावे लागले. झाले! दांडी आखूड आणि कापड मोठे. किटी हॉकला बिल टेट नावाच्या गृहस्थांनी त्याला आसरा दिला होता. त्यांच्या बायकोच्या शिलाई मशीनवर विल्बरने ते कापड उसवले, लहान केले आणि पुन्हा शिवले. दोनशे चौरस फुटांचा पंख १६५ वर आला. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे पाय पाहून अंथरूण कापावे लागले. पुढे ते ग्लायडर वाळूत सोडून भाऊ घरी परतले तेव्हा टेटबाईंनी ते साटिन काढून आणले आणि आपल्या दोन मुलींना त्याचे झगे शिवले. उडून आलेल्या कापडाचे झगे! आमच्या अक्काला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने एवढेच विचारले की बाईने सुरकुत्या कशा काढल्या असतील.

पुढच्या वर्षी, १९०१ मध्ये, त्यांनी कापड बदलले. प्राइड ऑफ द वेस्ट नावाचे सुती कापड घेतले. इंग्रजी पुस्तकांत त्याला मस्लिन म्हणतात आणि मराठी भाषांतरात त्याची मलमल होते. वाचकहो, ते मलमल नव्हे! अमेरिकेत मस्लिन म्हणजे साधे, घट्ट विणीचे सुती कापड, आपल्याकडे ज्याला मांजरपाट म्हणतात तसे. आपल्या आज्या ज्याची अभ्रे शिवत, दुकानात ज्याची थप्पी सगळ्यात खालच्या फळीवर असे, त्या जातीच्या कापडावर माणूस उडाला. आमच्या भागात कापूस पिकतो. जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो. त्या ढिगात विमानाचे पंख आहेत, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

१९०१ चे ग्लायडर मात्र नीट उडाले नाही. पंख २९० चौरस फुटांचे, तरी वजन उचलेना. भाऊ निराश झाले. पण ते हिशोबाचे पक्के होते. इतरांची कोष्टके वापरून आपण फसलो, अशी शंका आल्यावर त्यांनी त्या हिवाळ्यात दुकानातच सहा फुटी लाकडी पेटी बनवली, तिच्यात पंख्याने वारा सोडला आणि सुमारे दोनशे छोट्या पंखांची परीक्षा घेतली. कुठल्या आकाराला किती उचल मिळते, हे स्वतः मोजले. त्या आकड्यांवर १९०२ चे ग्लायडर बेतले गेले.

त्या वर्षीच्या ऑगस्टमधले एक दृश्य कॅथरिनने वडिलांना पत्रातून कळवले होते. घरभर कापड पसरलेले. विल्बर तासन्‌तास शिलाई मशीन फिरवतो आहे आणि ऑर्व्हिल जमिनीवर बसून कुठे टीप मारायची त्याच्या खुणा करतो आहे. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. मशीनवर बाबा, खाली बसून खडूने खुणा करणारी अक्का. हे आमचेच घर होते.

आता त्या शिवणकामातली खरी मेख सांगतो. घरच्या घरी करून पाहता येईल. एक सुती रुमाल घ्या. उभ्या धाग्याने ताणा, तो हलत नाही. आडव्या धाग्याने ताणा, तरी फारसा हलत नाही. आता समोरासमोरची दोन टोके धरून तिरपा ताणा. लगेच लांबतो, तिरका होतो. म्हणूनच शिंपी गळ्याला उरेब पट्टी लावतो. ती वळते, बसते. राइट बंधूंनी हीच गोष्ट उलटी वापरली. त्यांनी पंखावर कापड असे तिरपे बसवले की धागे पंखाच्या पट्ट्यांशी पंचेचाळीस अंशांचा कोन करतील. मग सांगाडा तिरका होऊ पाहिला की प्रत्येक धागा ताण घेतो आणि त्याला आवरतो. जे काम आडव्यातिडव्या तारांनी करायचे, ते कापडानेच केले. तारा वाचल्या, वजन वाचले. शिवाय पट्ट्यांसाठी कापडातच लांब खिसे शिवले, म्हणजे कापड जागचे हलायला नको. हे कापड म्हणजे नुसते पांघरूण नव्हते. सांगाड्याचा भार त्यानेही उचलला होता.

पण उरेब कापले की कापड जास्त जाते, हे कुठलीही गृहिणी सांगेल. १९०३ च्या विमानाच्या दोन पंखांचे क्षेत्रफळ ५१० चौरस फूट. वरची आणि खालची बाजू धरून १०२०. आपल्या छत्तीस इंची पन्ह्याने सव्वाशेच्या अलीकडे, ११३ वार. म्हणजे लांबीने साडेबारा नऊवारी लुगडी! त्यात पुढचे आणि मागचे सुकाणू आले नाही, शिवण आली नाही, उरेबाची तूट आली नाही. अक्काच्या मते दीडशे वारांखाली कोणी हात घालू नये. हा हिशोब आमच्या घरचा आहे, राइटांच्या वहीतला नव्हे, पण त्यावरून कामाचा अंदाज यावा.

आणि रंग? राइट बंधूंनी त्या कापडाला रंगच दिला नाही. ना रोगण, ना खळ. विमानाचे वजन ६०५ पौंड. चार्ली टेलर या त्यांच्या मेकॅनिकने दुकानात बनवलेले इंजिन बारा अश्वशक्तीचे. तिथे रंगाचा डबा उचलायला जागा होती कुठे? पुढे विमाने उन्हापावसात राहू लागली तेव्हा कापडावर डोप नावाचे द्रव्य चढवू लागले. ते वाळताना कापडाला ताणून ढोलक्याच्या चामड्यासारखे करते आणि विणीतली छिद्रे बुजवते. त्यावर ॲल्युमिनियमच्या भुकटीचा चंदेरी हात देतात, कारण सुती कापडाला ऊन कुजवते. आता घरी विमान बांधणारे हौशी लोक पॉलिएस्टरचे कापड वापरतात आणि ते इस्त्रीने तापवून घट्ट करतात. पण रंगाचा नियम तोच राहिला. पहिला हात कापड पिऊन टाकते, तेव्हा त्याला रंग जास्त धरावा. आणि शोभेसाठी शेवटी दिलेला प्रत्येक हात हे निव्वळ वजन असते. शेपटीवर तर ते फारच महागात पडते, कारण शेपूट तोलाच्या बिंदूपासून लांब असते. नातवाच्या मित्रांना तीन रंगांचे पट्टे हवे होते. मी एकच हात पुरे म्हणून सांगितले.

१७ डिसेंबर १९०३. किटी हॉकजवळची वाळू, कडाक्याची थंडी, बोचरा वारा. तीन दिवसांपूर्वी विल्बरची पाळी फसली होती, म्हणून आज ऑर्व्हिल. सकाळी १० वाजून ३५ मिनिटांनी विमान रुळावरून सुटले. बारा सेकंद, १२० फूट. त्या दिवशी चार उड्डाणे झाली. चौथ्यात विल्बर ५९ सेकंद हवेत राहिला, ८५२ फूट गेला. मग एका झोताने उभे विमान उलटेपालटे केले आणि ते पुन्हा कधी उडाले नाही. साऱ्या विमानाचा खर्च हजार डॉलरच्या आत. त्याच महिन्यात सॅम्युअल लँगली या मोठ्या शास्त्रज्ञाचे, सरकारने पन्नास हजार डॉलर दिलेले विमान पोटोमॅक नदीत कोसळले होते. हे लँगली स्मिथसोनियन या मान्यवर संस्थेचे प्रमुख. हे नाव लक्षात ठेवा.

इथे मराठी वाचक शिवकर बापूजी तळपदे यांची आठवण काढणार, हे मी जाणून आहे. १८९५ साली त्यांनी चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपण आवडीने सांगतो. मलाही ती लहानपणी आवडे. पण त्या विमानाचे तपासून पाहता येईल असे मोजमाप, आराखडा, साहित्याचा हिशोब आपल्या हाती नाही. राइटांचा पंख मात्र आजही कुणीही मोजून घ्यावा. दावा मोठा असला तरी शेवटी टिकते ते माप, इतकेच मी गणिताचा मास्तर म्हणून म्हणेन.

पुढची कथा यशाची आहे आणि दुःखाचीही. १९०८ मध्ये विल्बर फ्रान्सला गेला. ऑर्व्हिलने भरून पाठवलेल्या पेट्या उघडल्या तर कापड फाटलेले, भाग मोडलेले. विल्बर धाकट्या भावावर कडाडला. वास्तविक ती नासधूस जकातीच्या तपासणीत झाली होती. तिकडे ऑर्व्हिल अमेरिकी सैन्याला विमान दाखवत होता. १७ सप्टेंबर १९०८ रोजी फोर्ट मायर येथे पंखा तडकला, तार तुटली, विमान कोसळले. शेजारी बसलेले लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज गेले. इंजिनाच्या विमानात जीव गमावलेले ते पहिले. ऑर्व्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या. कॅथरिनने शाळेतून रजा घेतली आणि आठवडेच्या आठवडे त्याच्या उशाशी बसली. ती पुन्हा शिकवायला गेली नाही.

१९१० मध्ये कारखाना सुरू झाला तेव्हा पंखांचे कापड शिवायला बायका घेतल्या. त्यांतल्या आयडा होल्डग्रेव्ह या शिवणकाम करणाऱ्या बाईंचे नाव इतिहासात राहिले आहे. जाहिरात पाहून त्या आल्या. इंग्रजीत साधे शिवणकाम आणि विमानाचे शिवणकाम या दोन्हींचा उच्चार एकच, त्यामुळे हे घरगुती शिवणच असेल अशी त्यांची समजूत झाली होती! त्याच वर्षी २५ मे रोजी ऑर्व्हिलने एक्याऐंशी वर्षांच्या वडिलांना विमानात बसवले. म्हातारा घाबरला तर नाहीच, उलट आणखी वर ने म्हणून मागे लागला.

३० मे १९१२ ला विल्बर विषमज्वराने गेला. वय पंचेचाळीस. ऑर्व्हिलने १९१५ मध्ये कंपनी विकली. उरली बहीण आणि पेट्यांत बंद असलेले ते १९०३ चे विमान. १९१३ च्या महापुरात त्या पेट्याही चिखलात बुडून निघाल्या होत्या.

आणि मग तो सल. स्मिथसोनियनच्या लोकांनी १९१४ मध्ये लँगलीच्या पडक्या विमानात बऱ्याच सुधारणा करून घेतल्या, ते थोडेसे उडवून दाखवले आणि जाहीर केले की माणसाला घेऊन उडू शकणारे पहिले विमान हेच. ऑर्व्हिलने वर्षानुवर्षे दाद मागितली. कुणी ऐकेना, तेव्हा त्याने ठरवले की विमान परदेशी पाठवायचे, लंडनच्या विज्ञान संग्रहालयात. जानेवारी १९२८ मध्ये ते रवाना झाले. त्याआधी त्याने एक काम केले. पुरात डागाळलेले, जीर्ण झालेले कापड उतरवले आणि त्याच जातीचा नवा मांजरपाट आणून सारे विमान पुन्हा मढवले. पुन्हा ती मापे, पुन्हा ते उरेब, पुन्हा ते खिसे. पण या वेळी मशीन फिरवणारा भाऊ नव्हता.

आणि बहीणही नव्हती. नोव्हेंबर १९२६ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, कॅथरिनने जुन्या मित्राशी लग्न केले. ऑर्व्हिलला ते सहन झाले नाही. ज्या बहिणीने त्याच्यासाठी नोकरी सोडली, तिच्याशी त्याने बोलणे टाकले. लग्नाला गेला नाही, पत्रांना उत्तर दिले नाही. मार्च १९२९ मध्ये ती न्यूमोनियाने मरणाच्या दारी होती तेव्हा दुसऱ्या भावाच्या आग्रहाने तो शेवटी गेला. भेट झाली, एवढेच. मी ऑर्व्हिलचा भक्त झालो आहे, पण या एका जागी त्याला माफ करता येत नाही. स्वतःचे श्रेय नाकारले म्हणून चौदा वर्षे भांडलेल्या माणसाला घरातल्या श्रेयाचा विसर पडावा!

हे लिहिताना माझी मान ताठ राहत नाही. नांदेडला कॉलेजात नाव घातले तेव्हा फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. मी शिंपी लिहिले नाही. व्यापार लिहिले. सही करायला बाबांनी तो फॉर्म हातात घेतला, वाचला, सही केली आणि दुसरा शब्द न बोलता इस्त्री पुढे चालू ठेवली. अक्का काजे करत शेजारीच होती. त्यानंतर मी मास्तर झालो, भाषणे केली, कष्टाची थोरवी पोरांना सांगितली. पण अक्काच्या काजांवर माझी फी भरली गेली, हे कधी चारचौघांत म्हटले नाही.

शेवटी १९४२ मध्ये स्मिथसोनियनने आपली चूक छापून मान्य केली. महायुद्धाच्या काळात विमान इंग्लंडमध्ये सुरक्षित दडवून ठेवले होते. ते मायदेशी आणण्याचे ऑर्व्हिलने ठरवले, पण पाहायला तो उरला नाही. त्याच्या मृत्यूची तारीख आपल्याला विसरता येणार नाही. ३० जानेवारी १९४८. दिल्लीत चरखा चालवणारे महात्माजी गेले, त्याच तारखेला तिकडे डेटनमध्ये हा मांजरपाट शिवणारा गेला. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाला आणि १७ डिसेंबर १९४८ रोजी ते विमान वॉशिंग्टनला मांडले गेले. आज ते तिथेच आहे. १९८५ मध्ये त्याला पुन्हा नवे कापड घातले गेले.

आणि मूळ कापड? त्याचे तुकडे जपले गेले. १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँगने डाव्या पंखाच्या कापडाचा तुकडा चंद्रावर नेला. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर इंजेन्युइटी हे छोटे हेलिकॉप्टर उडाले. त्याच्या सौरपट्टीखाली त्याच कापडाचा टपाल तिकिटाएवढा तुकडा गुंडाळलेला होता.

दिवाळीत नातू आला तो सांगाडा टेम्पोत घालूनच. अक्काला मी स्वतः जाऊन घेऊन आलो. तिने ओसरीत बसून पाच तुकडे बेतले, पोरांकडून खुणा करून घेतल्या, आणि बाबांच्या मशीनवर मी टीप मारली. दोनदा सुई मोडली. अक्काने काही न बोलता दुसरी लावून दिली. प्रदर्शनात विमानाशेजारी ठेवायच्या पाटीवर नातवाने सगळ्यांची नावे लिहायला घेतली, तेव्हा कापडाचा हिशोब या ओळीपुढे मी अक्काचे नाव सांगितले. आणि त्याखाली, शिवणकाम, एका शिंप्याची मुले.

अक्काने ते वाचले. चष्मा पुसला. मग उरलेली चार बोटांची पट्टी उचलली, घडी घातली आणि कळमनुरीला जाताना आपल्या पिशवीत टाकली. नातवाने विचारले, याचे काय करणार? लागेल कशाला तरी, असे म्हणून ती रिक्षात बसली.